वजनमापे निरीक्षकाचे वजन

तीर्थरूप मोठ्या काकांना,

वाकून नमस्कार. (रागात पाठ पुरेशी वाकत नाही, उरलेला नमस्कार भेटीत पुरा करीन.) आपली प्रकृती उत्तम असणारच, कारण आपण दोन्ही वेळा पोटभर जेवता. काकूंनाही नमस्कार, त्यांचा काही दोष नाही.

फोनवर माझ्या तोंडून ‘हो काका’ यापलीकडे शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते. बाबांची शस्त्रक्रिया काल व्हायची होती. झाली नाही. जठरातली गाठ काढण्याआधी त्यांच्या अंगात ताकद साठावी, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खायला सांगितले होते : अंडी, दूध, प्रथिनांची पावडर. एवढी मोठी जखम भरून यायची तर अंगात काही शिल्लक हवे, हे वाक्य मी वहीत अधोरेखितही केले. दर सोमवारी मी बाबांना घरच्या काट्यावर उभे करीत होते आणि वजन चढत होते. मी इतकी हुरळले, की त्याचा आलेख काढून भिंतीवर लावला.

परवा भरती होताना त्यांना रुग्णालयाचा झगा घालून काट्यावर चढवले, तर आलेखापेक्षा साडेचार किलो कमी! आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “घरचा काटा भंगारात द्या.” तेवढ्यात परिचारिकेने खुर्चीवरचा बाबांचा कोट उचलला, आणि तो तिच्या हातून धाडकन फरशीवर पडला. (थंडी वाजते म्हणून महिनाभर ते घरातही कोट घालून वावरत होते. आम्हाला दया येई!) खिशांतून पितळी वजने घरंगळली. निवृत्त होताना कचेरीने प्रेमाने दिलेला संच. ज्या माणसाने तीस वर्षे काट्याखाली चुंबक चिकटवणाऱ्या दुकानदारांना दंड ठोठावला, त्याने स्वतःच्या मुलीला मापात फसवले. अंडी आणि दूध शेजारच्या कुत्र्याने संपवले. त्याला आज शस्त्रक्रियेसाठी नेले, तर एकही डॉक्टर हरकत घेणार नाही.

मी जाब विचारला. बाबा खाली मान घालून म्हणाले, “दादा म्हणाला, गाठीला उपाशी मार, आपोआप वाळेल.”

काका, आपण आयुष्यभर कारखान्यांतले बॉयलर दुरुस्त केलेत. इंधन तोडले की बॉयलरचा गंज मरतो, असे कोणत्या कारखान्यात पाहिलेत? गाठ आपला वाटा आधी ओढून घेते. उपाशी राहतात ते बाबा. शल्यविशारदांनी दोन आठवड्यांची मुदत दिली आहे. तोवर वजन सावरले नाही, तर नाकातून नळी घालतील आणि तारीख पुन्हा पुढे जाईल. गाठ मात्र तारखा पाळत नाही.

कृपया यापुढे फोन करू नये.

आपली (अजून तरी) आज्ञाधारक पुतणी

ता. क. : ‘फोन करू नये’ ही ओळ खोडणार होते, पण शाईने लिहिली आहे. खोडली असे समजावे. ‘जेव’ हे त्यांना आपणच सांगा. माझे, आईचे, डॉक्टरांचे ते ऐकत नाहीत.

ता. क. दुसरा : आपले का ऐकले, असे मी आज बाबांना विचारले. म्हणाले, “अगं, इतक्या वर्षांत दादा पहिल्यांदा रोज फोन करतोय. त्याचं ऐकलं नाही, तर करायचा थांबेल.” तेव्हा रोज सहा वेळा फोन करावा, आणि वाटी रिकामी होईपर्यंत ठेवू नये. बोलायला विषय सुचला नाही, तर बॉयलरबद्दल बोलावे.