राख गार होईपर्यंत

आई,

भिंतीतली चूल अजून तशीच ओढ धरते. पेटवली की पहिला धूर जरा घुटमळतो, खोलीत डोकावतो, आणि मग कोणी वरून हाक मारल्यासारखा सरळ धुराड्यात शिरतो. हे तुम्हाला सांगावं असं मला दर वेळी वाटतं आणि दर वेळी पुढचं आठवून मी गप्प राहते. आज लिहायला बसले, कारण घर विकलं. तुमची नात नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली, आता मलाही बोलावते आहे. आळीतली निम्मी घरं तशीच रिकामी झाली. आपलं घर सुकापूरकडच्या एका आगरी कुटुंबाने घेतलं. त्यांची सून परवा घर बघायला आली होती. तिच्यासमोर मी जे बोलले, ते तुमच्या कानावर घालायचं आहे. पण ते सांगायचं तर आधी चुलीपासून सांगावं लागेल.

तुम्ही माथेरानला एका साहेबाच्या बंगल्यात आया होतात, तेव्हा तिथे भिंतीत बांधलेली शेगडी पाहिली होती. लाकडं खोलीत जळतात आणि धूर मात्र बाहेर जातो, याचं तुम्हाला इतकं अप्रूप होतं की लग्न होऊन मी या घरात आले त्या आठवड्यातच तुम्ही मला ते सांगितलंत. डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं तुमच्या तेव्हा, उघड्या चुलीच्या धुराने. तुमच्या मुलाची कचेरीतली नोकरी पक्की झाली तेव्हा तुम्ही लुगडं मागितलं नाहीत, बांगडी मागितली नाहीत. स्वयंपाकघर नव्याने बांधून भिंतीत चूल मागितलीत. गवंडी आला तो हसतच आला. धुराडं वाशाला चिकटून वर न्यायचं त्याच्या मनात होतं. तुम्ही पदर खोचून मध्ये उभ्या राहिलात.

"वाशापासून वीतभर लांब घे."

"वीतभर कशाला? चार बोटं पुरे. म्हातारे, घर बांधतेस का गिरणी?"

"गिरणी जळाली तर मालकाची जाते. हे जळालं तर माझं जाईल. वीतभर."

त्याने वीतभर जागा सोडली, तर तुम्ही स्वतःची वीत लावून मोजलीत, कारण त्याची वीत तुमच्यापेक्षा लहान आहे असं तुमचं म्हणणं पडलं. धुराडं कौलांच्या मोभाराच्याही वर गेलं. शेजारची वैनी अंगणात उभी राहून वर बघत म्हणाली, "अगो बाय, घराला चिलीम लावलीस काय गो? आता घर दम मारनार!" आळीभर महिनाभर तेच चाललं होतं. तुम्हाला राग आला नाही. उलट ज्याला त्याला हात धरून आत नेऊन दाखवायचात, धुराड्याच्या गळ्याशी बसवलेली लोखंडी झडप दांडीने उघडून मिटून दाखवायचात. चूल विझली की झडप मिटायची, म्हणजे पाऊस येत नाही, वटवाघूळ शिरत नाही. पण विझली म्हणजे खरी विझली पाहिजे. "राखेत हात घाल," तुम्ही मला म्हणाला होतात. "हात गार राहिला तर झडप. तोवर नाही."

तुमचे सगळेच नियम असे हाताने शिकायचे होते. एक पावसाळा उलटलेलं, ठोकलं की खणखणीत वाजणारं लाकूड. ओलं घातलं की धुराड्यात काजळी धरते आणि काजळी पेटते. राख पत्र्याच्या बादलीत, झाकण लावून, अंगणात; टोपलीत कधीच नाही. दिवाळीच्या सुमाराला दोरीला काट्यांची जुडी आणि दगड बांधून धुराडं झाडायचं. आणि पेटवताना आधी एक कागद चुरगाळून, पेटवून, धुराड्याच्या तोंडाशी धरायचा. वरची गार हवा तापली की ओढ सुरू होते.

त्या कागदांनीच मला वाचायला शिकवलं. माहेरी मला अक्षरओळख होती तेवढीच. वाण्याकडून येणारी रद्दी माझ्या हातात यायची, ती जाळण्याआधी मी एक ओळ लावायचा प्रयत्न करायची, मग दोन. एकदा तुम्ही फोडणीसाठी खोळंबला होतात आणि मी चुलीपुढे उकिडवी बसून गुळाच्या भावाची बातमी वाचत होते. "कागद पेटवायला दिलाय गो, वाचायला नाही," तुम्ही खेकसलात. मी तो घाईघाईने पेटवला, बोट भाजलं. त्या बोटाला तुम्हीच तूप लावलंत. तेव्हाही पुटपुटत होतात, गुळाचा भाव वाचून गूळ स्वस्त होतो का म्हणून.

आता तो शुक्रवार. मी त्या दिवसाभोवती आयुष्यभर फिरले आहे, आत गेले नाही. श्रावणाची झड लागली होती. तुमचा मुलगा छातीच्या तापाने महिनाभर अंथरुणावर, ऊब मिळावी म्हणून त्याची बाज स्वयंपाकघरात चुलीजवळ घातलेली. मुलगी लहान, तिलाही खोकला, म्हणून मी तिला घेऊन पुढच्या खोलीत, तुम्ही रात्री त्याच्याजवळ. वैनी त्या दुपारी येऊन म्हणाली होती, "आजी, उद्या सकाली मी येऊन चुलीत इस्तो पेटवून दिते ना. आजारी मानूस हाय. माझा देव काय रागवनार नाय."

"तुझा नाही रागावणार," तुम्ही म्हणालात, "पण माझा बघत असतो."

आपल्यात शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, चूल पेटत नाही हे सगळ्या पनवेलला ठाऊक. आणि आदल्या दिवशी राखेत विस्तव दाबून ठेवला तर तो पेटवला असं होत नाही, हेही तुमच्या सासूपासून चालत आलेलं. जुन्या उघड्या चुलीत तुम्ही वर्षानुवर्षं तसा विस्तव ठेवलात, काही झालं नाही. कौलांच्या फटींतून वारा खेळायचा तिथे. नव्या स्वयंपाकघराला गिलावा होता, पावसामुळे खिडकी लावलेली होती. आणि या चुलीची ओढ अशी की उघड्या झडपेखाली विस्तव मध्यरात्रीपर्यंतही टिकत नसे. शब्बाथचे दिवे लावायच्या आधी तुम्ही निखारे राखेत दाबलेत, वर पेजेचं भांडं ठेवलंत, उद्या त्याला गरम पेज मिळावी म्हणून. मी मुलीला घेऊन पुढे गेले. झडपेच्या दांडीचा आवाज मी ऐकला नाही.

सकाळी वैनी दूध घेऊन मागच्या दाराने आली आणि ओरडली. तुम्ही उंबऱ्याशी पडलेल्या होतात, दाराखालच्या फटीत तोंड होतं म्हणून वाचलात. तुमचा मुलगा बाजेवर, झोपेत असावा तसा. गाल चांगले लालसर, मला क्षणभर वाटलं ताप उतरून बरं वाटतंय. वैनीने खिडकी उघडली, वर पाहिलं, दांडी ओढली. "झडप लावलीय गो," एवढंच म्हणाली. मग निखारे बादलीत भरून बाहेर पावसात नेऊन ओतले आणि त्यानंतर मरेपर्यंत कोणाजवळही त्याचा उच्चार केला नाही. डॉक्टर आले तेव्हा चूल काळी, ओली, रिकामी होती. त्यांनी विचारलं, "विस्तव होता का खोलीत?" तुम्ही भिंतीला टेकून बसल्या होतात, ओकारी येत होती. म्हणालात, "आज शनिवार." डॉक्टरांनी मान हलवली. "हो, हो, तुमच्यात पेटत नाही, मला माहीत आहे," असं म्हणून त्यांनी छातीचं दुखणं ठरवलं. खोटं असं तुम्ही काहीच बोलला नव्हतात.

रविवारी माती दिली. मग सात दिवस आपण दोघी जमिनीवर बसलो, शेजारपाजारचे जेवण आणून देत होते. एका संध्याकाळी प्रार्थनालयातले म्हातारबाबा आले होते. दुसऱ्याच कोणाच्या आजाराबद्दल बोलता बोलता सहज म्हणाले, "जिवावरच्या दुखण्याला काही बंधन नसतं. शब्बाथलासुद्धा विस्तव पेटवावा, औषध उकळावं, सगळं करावं." तुम्ही आपल्या हातांकडे पाहिलंत. मी तुमच्याकडे पाहिलं. त्या वेळी माझ्या नजरेत काय होतं ते मला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं. तुम्ही पदर पुढे ओढून घेतलात.

त्यानंतर तुम्ही त्या चुलीला हात लावला नाहीत. हौसेने बांधून घेतलेली चूल, आणि स्वयंपाक मी करायची. तुम्ही मागच्या अंगणात भिंतीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायचात. बायका म्हणायच्या, म्हातारी मुलाच्या दुःखाने खचली. मला त्यांचं म्हणणं दुरुस्त करता येत नव्हतं आणि खरंही मानता येत नव्हतं. घरात तुमचं-माझं बोलणं मीठ, पाणी, मुलीची शाळा एवढ्यावर आलं. फक्त एक गोष्ट तुम्ही करत राहिलात. वाण्याची रद्दी आली की तुम्ही ती आधी घ्यायचात, एकेक कागद मांडीवर हाताने सपाट करायचात, तेलकट बाजूला टाकायचात आणि धड असलेले माझ्या उशाशी ठेवायचात. पेटवायला तेलकट, वाचायला कोरडे. एकदाही त्याबद्दल बोलला नाहीत. मी ते कागद घेतले आणि एकदाही तुम्हाला म्हटलं नाही की आई, तुम्ही त्याला गरम पेज द्यायला गेलात, दुसरं काय केलंत. वाक्य तयार होतं. तुम्ही गेलात त्या उन्हाळ्यापर्यंत ते माझ्या तोंडात होतं.

तर परवा ती सून आली. हसरी पोर, सहावा महिना असावा. चूल बघून खूश झाली. दांडी धरून म्हणाली, "मावशी, ह्या कशाला?" मी सांगितलं, चूल पूर्ण विझल्यावर लावायची झडप आहे, राखेत हात घालून बघायचा, गार लागली तरच. ती हसली. "येवरा कोन बघतो? आमच्यान रोज इस्तो दाबून ठेवतात. सकाली फुकला का झाला. ही झडप लावली तर इस्तो सकालपर्यंत मस्त राहील, नाय?"

आई, तुम्ही जे केलंत तेच ती बोलत होती, तितक्याच मायेने आणि काटकसरीने. मी म्हटलं, नाही हं, तसं करू नकोस. ती म्हणाली, "काय होतंय?" माझं नुसतं 'करू नकोस' म्हणून भागलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तुमचे नियम मी पाळले ते तुम्ही समोर होतात म्हणून. हिच्यासमोर कोण राहणार आहे? मी तिला बाकावर बसवलं. सांगितलं, या खोलीत माझा नवरा त्याने गेला. राखेतल्या विस्तवाचा धूर दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. ती ऐकत राहिली, पोटावर हात ठेवून. मग तिने विचारलं, "झडप कोनी लावली हुती?"

मी म्हटलं, "मी."

कसं आलं तोंडातून, माहीत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. वाईट पोर नाही ती, पण बाकावर जराशी सरकली आणि मी दिलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. ती निघेपर्यंत मी त्या नजरेखाली बसले होते. कान गरम झाले, हात कुठे ठेवावेत कळेना, शेवटी मी पदर पुढे ओढला. तो ओढताना कळलं की हे मी कुठे पाहिलं आहे. मी एक दुपार बसले. तुम्ही किती वर्षं बसलात, आणि समोर मी होते.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा लोहाराला घेऊन आला. म्हणाला, बायको झडप काढल्याशिवाय या घरात पाऊल टाकत नाही म्हणते. लोहाराने झडप दांडीसकट उपटून काढली. पावसाचे चार थेंब येतील चुलीत, येवोत. लोखंड तो घेऊन जाणार होता, मी दिलं नाही. मागच्या अंगणात, तुम्ही बसायचात तिथे भिंतीला टेकवून ठेवलं आहे. बोटीवर ते काही नेता येणार नाही.

हे पत्र कबरस्तानात नेऊन ठेवावं असं सुरुवातीला मनात होतं. उद्या तुम्हा दोघांचा निरोप घ्यायला जाणारच आहे. पण नेणार नाही. तिथेही तुम्ही दोघं शेजारी आहात, आणि त्याला यातलं काही माहीत नाही. मला तुमचा राग कधी आला नाही, असं लिहून हे संपवायचं ठरवलं होतं. तसं लिहवत नाही. राग होता, तुमच्यामागेही पुष्कळ दिवस होता. पण उशाशी ठेवलेला कोरडा कागद मी एकही जाळला नाही. सगळे वाचले, मागून-पुढून, जाहिरातींसकट. तेवढं तुम्हाला कळायला हवं होतं.