तरसाची ऊब

येडशी,
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप अक्का,

भागवतचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींच्या पायाची सूज उतरली असं कळलं, जिवाला बरं वाटलं. त्यांना काठी घेऊन अंगणात फिरू दे, पण एकटं सोडू नको. विसरण्याचा आजार असलेल्या माणसाला मोकळं दार दिसलं की पुरे.

इकडं थंडी लई आहे. सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी एकदम चालू झाल्यात, त्यामुळं रोज कुठं ना कुठं तार तुटते आणि मला खांबावरनं उतरायला सवड मिळत नाही. शरणम्मा बरी आहे. शिलाईचं काम मात्र तिनं सध्या बंद ठेवलंय, उजवा खांदा दुखावलाय. भाकरी मीच थापतो. परातीतच फाटते, पण ती गोड मानून खाते.

हे सगळं फोनवर बोललो असतो. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मग मीही भलतंच बोलून बसतो. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. तुझ्याशी खोटं बोलायला माझी जीभ वळत नाही. म्हणून लिहितोय. दाजींशिवाय कुणाला वाचून दाखवू नको.

काल तुमचा पुतण्या सिदू दोन माणसं घेऊन येडशीत आला होता. चहाच्या हॉटेलात बसून रामलिंगच्या डोंगरातल्या तरसाची चौकशी करत होता. पिशवीत तारेचे फास होते. म्हणाला, "मथुराकाकूनं सांगितलंय. माणसाला चटावलेलं जनावर आहे, त्याला ठेवायचं न्हाय." मी घरी आलो आणि रात्री मला जेवण गेलं नाही.

अक्का, तुला माझं लग्न पटलं नव्हतं. नळदुर्गाच्या पलीकडची, घरात कानडी बोलणारी, माझ्यापेक्षा वयानं मोठी, मागं ना बाप ना भाऊ. ती पहिल्यांदा तुमच्या तामलवाडीत आली तेव्हा वेशीवरची कुत्री शेपूट घालून पळाली. तू मला गोठ्यामागं नेऊन म्हणालीस, "भागवत, ही बाई साधी न्हाय." मी तुझ्यावर चिडलो होतो.

तुझं बरोबर होतं. साधी नाहीच ती.

तिची माझी ओळख कशी झाली ते तू कधी विचारलं नाहीस. स्टेशन रोडला तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. समोरच्या खांबावर मी चढलो होतो. लाइन बंद आहे असं मला सांगितलं होतं. ही मशीन सोडून रस्त्यात पळत आली आणि ओरडली, "खाली या! तारेत जीव आहे, मला वास येतोय!" लोक हसले. मी उतरलो. टेस्टर लावून बघितलं तर लाइन चालू. त्या दिवसापासून माझा जीव तिच्यापाशी राहिला तो राहिलाच.

मी लग्नाचं विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. मला रेल्वेलाइनीपलीकडच्या बाभळीत घेऊन गेली. भर दुपार होती. म्हणाली, "आधी बघा, मग बोला." आणि झुडपाआड गेली.

झुडपातनं तरस बाहेर आलं.

पुढचे पाय उंच, मागचे बुटके, अंगावर काळे पट्टे, मानेवर राठ आयाळ. अक्का, सुंदर म्हणावं असं त्यात काही नव्हतं. मी मातीतच बसलो. ते माझ्यासमोर येऊन बसलं आणि माझ्याकडं बघायला लागलं. डोळे तिचेच होते. खांबाखाली उभी राहून बघत होती ना, तसेच, काळजीचे.

थोड्या वेळानं ती साडी नेसून आली आणि शेजारी बसली. मी म्हणालो, "असलंच काही असतं, तर वाघीण तरी असायचीस."

ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "वाघीण कुणालाही आवडली असती हो. मला तरसाला पसंत करणारा पाहिजे."

मी तिथंच हो म्हणालो.

तिच्या आईकडून हे आलंय, आईला आजीकडून. महिन्यातनं एकदा तरी रूप बदलून डोंगरात फिरून यावं लागतं, नाहीतर तिला ताप भरतो. पण कुणाच्या शेळीला, कोंबडीला तिनं कधी तोंड लावलं नाही. तुला हे खरं वाटणार नाही. म्हणून आता त्या सोमवारचं सांगतो. तू तिथं होतीस, पण तुला अर्धंच दिसलं.

तुम्ही दोघं रामलिंगला आला होता. आमच्या घरावरनं एसटी गेली तरी उतरला नाहीत, ते असू दे. तू प्रसाद घेईपर्यंत दाजी गर्दीतनं निसटले. दिवस कलला तेव्हा तुझा फोन आला, वर्षभरानंतरचा. तू नुसती रडत होतीस. आम्ही गाडीवर आलो. शरणम्मानं तुझ्याकडं दाजींचं उपरणं मागितलं. तू म्हणालीस, "हिला कशाला द्यायचं?" मी ते तुझ्या हातातनं ओढून घेतलं, तिला वास घेता यावा म्हणून. ती ते नाकाला लावून ओढ्याच्या बाजूला गेली. तुला वाटलं, रुसून घरी गेली.

जाताना ती मला एवढंच म्हणाली, "आवाज दिला की या. आणि वन्संना काही सांगू नका. शपथ आहे."

आम्ही देवळाच्या वरच्या अंगाला हाका मारत होतो, आठवतं? दिवेलागणीला खालच्या घळीतनं तो आवाज आला. सगळे म्हणाले तरस आहे, तिकडं नको. मी एकटा त्या बाजूला पळालो, म्हणून बाकीचे आले.

दाजी कड्याच्या काठावर पडले होते. ओढ्यात घसरून धोतर भिजलेलं, पाय मुरगळलेला, थंडीनं ओठ काळे पडलेले. आणि त्यांच्या अंगाला अंग लावून तरस बसलेलं. तू सगळ्यांच्या पुढं होतीस. तुला वाटलं, ते त्यांना खायला बसलंय. तुझ्या जागी कुणालाही तसंच वाटलं असतं. तू दगड उचललास.

मी ओरडलो, "मारू नको अक्का!" तू म्हणालीस, "तुझं डोकं फिरलंय!"

पहिला दगड लागला तेव्हा ती हलली नाही. दुसऱ्याला कळवळली, पण जागा सोडली नाही. तिची पाठ कड्याकडं होती अक्का. दाजींचं सगळं ओझं तिच्यावर रेललं होतं. ती उठली असती तर दाजी खाली दगडांत गेले असते. मी आणि आणखी एकानं त्यांना बगलेतनं धरलं, तेव्हाच ती निघून गेली. तीन पायांवर लंगडत. लोक टाळ्या वाजवत होते. "म्हातारीनं तरस हाकललं," म्हणत होते.

मी घरी आलो तेव्हा ती न्हाणीत बसून जखम धूत होती. मला बघून पहिल्यांदा विचारलं काय, तर "दाजींना ऊन ऊन काही पाजलं का?"

मी तेव्हाच तुझ्याकडं यायला निघालो होतो. तिनं दार अडवलं. म्हणाली, "वन्संनी नवऱ्यासाठी दगड उचलला. तरसापुढं एकटी बाई उभी राहिली. तुमच्यासाठी मीही तेच केलं असतं. त्यांना कळलं तर तो हात त्यांना जन्मभर जाळत राहील."

आज मी तिची शपथ मोडतोय. सिदूचे फास नसते तर मोडली नसती. तिला परवापासून कणकण आहे, दोन-चार दिवसांत तिला डोंगरात जावंच लागेल. तिनं ट्रंक भरून ठेवलीय, म्हणते आईच्या गावी जाते. ती गेली तर मीही जाणार.

मी रोज खांबावर चढतो म्हणून लोक मला धाडसी म्हणतात. धाडस काय असतं ते मी त्या घळीत बघितलं. माझी बायको आहे म्हणून सांगत नाही. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तो तुझ्यापाशी बोलता येत नव्हता, तेच जास्त सलत होतं.

तुला पटेल ते कर.

तुझ्याच हाताखाली मोठा झालेला,
भागवत


तामलवाडी,
बुधवार

शरणम्मास,

भागवतचं पत्र मिळालं. पयल्यांदा वाचलं तवा चुलीत घालाया निघाले होते. वाटलं, बायकोपायी पोरगं येडं झालं.

मग ह्यांच्याजवळ बसले. ह्यांना सकाळचं संध्याकाळी ध्यानात राहत न्हाय. म्या इचारलं, "घळीत तुमच्यापाशी कोण होतं?" लगीच म्हणले, "भागवतची बायको होती की. केस लई राठ तिचे, पण पाठ गरम होती." मग म्हणले, "तू तिला का मारलंस?"

हे त्या दिसापासनं मला रोज इचारतेत, का मारलंस म्हणून. मला वाटायचं, भरमात बोलतेत.

सिदूकडनं सगळे फास काढून घेतलेत. माज्यादेखत तोडाया लावले. लोकांना काय सांगायचं ते म्या सांगंन, तू त्याची काळजी करू नको.

खोटं कशाला बोलू, मला अजून भ्या वाटतं. तरसाचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो. पण डोळं मिटलं की दिसतं, म्या मारतेय आन् तू माज्याकडं नुसती बघतीस. एक डाव दात न्हाय दावलास.

कुठं जाऊ नको. डोंगरात जाऊन ये, अंग मोकळं कर. रयवारी म्या ह्यांना घेऊन तुज्या दारात येते. त्या टायमाला तू ज्या रूपात असशील त्या रूपात बस. म्या उंबऱ्यातनं माघारी फिरणार न्हाय.

थोरल्या नणंदेनं भावजयीला आशीर्वाद लिवायचा असतो. म्या हात जोडते.

मथुरा