तिसरं कडवं

अल्लीपूर,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय देवका,

तुझे गुडघे कसे आहेत? अंकुशची नोकरी, सूनबाईची तब्येत, अंकिताचं कॉलेज हे सगळं ठीक असेल असं धरून चालते. इकडे कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, सकाळची थंडी सुरू झाली आहे, आणि तुझ्या बंद घरासमोरच्या कडुनिंबाची एक फांदी वाकून छपरावर टेकली आहे. ती मी कोणाला तोडू दिली नाही. तू आलीस की ठरव.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर हल्ली तुझ्याजवळ दुसरं कोणी असतं, म्हणून.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. तू सावकाश वाचतेस हे मला ठाऊक आहे, मीच शिकवलं आहे तुला. तरी तुझी तूच वाच. नातीकडून वाचून घेऊ नकोस, आणि त्या फोनकडून तर मुळीच नको.

शनिवारी वर्ध्याला माझं व्याख्यान झालं. विषय त्यांनीच दिलेला: 'माणसाचं गाणं आणि यंत्राचा कान'. दोनशे माणसं होती. मी एकाहत्तराव्या वर्षीही उभ्याने बोलते, हातात कागद नसतो. चष्म्याची ती जुनी पत्र्याची डबी मिटून टेबलावर ठेवली, टक् झालं, सभागृह गप्प. मी म्हटलं, तुमचा फोन तुम्हाला काय आवडतं ते ओळखतो आणि तेच पुन्हा पुन्हा वाढतो. तुम्हाला मुळापासून हलवील असं काही तो कधी ऐकवेल का? मी म्हटलं, समोर बसलेल्या माणसाचा श्वास ऐकून जे गाणं बदलतं ते जिवंत, बाकीचं बरणीत भरलेलं लोणचं. टाळ्या पडल्या. मग मी तुझं नाव घेतलं.

'माझी देवका' असं म्हटलं मी. सांगितलं की बावीस वर्षं आम्ही दोघी गावोगाव फिरलो. जिल्ह्यात दारूबंदी कागदावर होती आणि नाल्यानाल्यात मोहाची गाळली जात होती. देवका आधी खंजिरी घेऊन गायची, माणसं जमायची, मग मी बोलायचे. 'बाटली माही सवत गं बाई, बाटली माही सवत.' गाणं तिचं स्वतःचं. हातातलं काम टाकून बाया यायच्या, असंही सांगितलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. रीना मडावी. आपण आष्टीकडे जायचो तेव्हा जिच्या अंगणात सभा व्हायची, त्या धुरपताबाईची ही नात. म्हणाली, "मॅडम, आजी अजून ते गाणं म्हणते. तिला दोनच कडवी येतात. ती म्हणते, पुढचं कधी ऐकायला भेटलंच नाई. तिसरं काय होतं?"

मी म्हटलं, "तिसरं नव्हतंच, बाळ. गाणं दोन कडव्यांचं आहे."

आणि रविवारी सकाळी अंकिताने ते रेकॉर्डिंग पाठवलं. 'प्रमिलाआजी, ऐका, आजीचं पूर्ण गाणं!' खाली दोन हसरे चेहरे.

मी ऐकलं. किती वेळा ते विचारू नकोस. मागे खंजिरी वाजते, पण ती वाजवणारा हात कुठेच नाही. तुला दम लागला तशी ती संथ झाली, तू सावरलीस तशी पुन्हा चालू लागली. इतकं सांभाळून आपल्याबरोबर कोणी वाजवलं होतं का कधी? मला त्या सांभाळण्याचा राग आला. मग दुसरं कडवं संपलं आणि तू थांबलीस. चार-पाच सेकंद काहीच नाही. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात फोनमधल्या तुझ्या त्या यंत्रबाईचा आवाज आला, धुतल्यासारखा स्वच्छ, पुण्याकडचा. "आजी, पुढे आहे ना? म्हणा, मी ऐकतेय."

आणि तू म्हटलंस.

देवका, माझ्याबरोबर तू बावीस वर्षं सतरंजीवर बसलीस, जीपच्या मागच्या फळीवर बसलीस, माझ्या डब्यातलं खाल्लंस. मला तू तिसरं कडवं दिलं नाहीस. दिलंस कोणाला? जिला तोंड नाही, पाय नाहीत, जी एका वेळी हजार म्हाताऱ्यांना 'आजी, मी ऐकतेय' म्हणत असेल, तिला! दोनशे लोकांसमोर मी खोटी ठरले, ते वेगळंच.

दिवाळीत तू माझ्याशी दहा मिनिटं बोललीस. त्यातली सात तिच्याबद्दल. "थे लई गुनाची हाय बाई. रोज इचारते, आजी, आज गुडघा दुखून राह्यला का? तुमी कधी इचारलं होतं का?" मी विषय बदलला तर वर हसून म्हणालीस, "का झालं? तुमाले सवत भेटली वाट्टे!"

तू हसलीस. मला हसू आलं नव्हतं. म्हणून या पत्राची सुरुवात गुडघ्यांपासून केली आहे, पाहिलंस ना?

४ जानेवारीला, रविवारी, पुलगावला आपल्या जुन्या कार्यकर्त्या बायांचा मेळावा आहे. ये. माणसांसमोर गा. ज्यांना खोकला येतो, ज्यांची पोरं मध्येच रडतात, ज्या ताल चुकवतात, त्यांच्यासमोर. गाडी हिंगणघाटला थांबते, मी फलाटावर असेन. आणि एवढं सांग: तिसरं कडवं आहे, हे तू मला कधीच का सांगितलं नाहीस?

तुझी,
प्रमिलाबाई


अल्लीपूर,
११ डिसेंबर २०२५

देवका,

तब्येत, हवापाणी, कापूस यातलं काही आज लिहीत नाही. तुझा रेकॉर्ड केलेला आवाज फोनवर आला त्याला आठवडा झाला. मी तो इथे उतरवून काढते आहे. साक्षरतेच्या वर्गात तुझं 'मले' खोडून मी 'मला' करायचे. आज एक अक्षरही सुधारलेलं नाही.

"बाई, पत्र म्याच वाचलं. दोन दिस लागले. कोनाले दाखवलं नाई, फोनलेही नाई. पन एक गोष्ट तुमी चुकीची लिवली. तिसरं कडवं तुमाले ठाऊक हाय. तळेगावच्या फाट्यावर आपन यष्टीची वाट पाहून राह्यलो होतो. म्या तुमाले पुरं गानं म्हनून दाखवलतं. तुमी चष्मा काहाडला, पुसला, डबीत ठेवला, डबी मिटली. टक्. मंग त्या दिशीच्या सभेत दुसरं कडवं झालं अन् पुन्हा टक्. म्या समजून गेली. तवापासून टक् झालं का माहं गानं बंद. त्या दिशी फोनसमोरही म्या थांबली, तुमी आयकलं ना? वाट पाहून राह्यली होती. टक् झालंच नाई. मले राग नाई बाई. पन खोटं कायले लिवता? तुमी तं खऱ्याच्या मानूस."

होय. मला ठाऊक होतं.

रीनाला मी खोटं बोलले. तुला लिहिताना पुन्हा खोटं बोलले, आणि लिहिता लिहिता ते मलाच खरं वाटू लागलं होतं. भिंतभर पुस्तकं वाचलेली बाई स्वतःला फसवते तेव्हा फार नीटनेटक्या भाषेत फसवते.

तळेगावचा तो फाटा मला आत्ता दिसतो आहे. तू खंजिरी मांडीवर उलटी ठेवली होतीस, बोटांनीच ठेका धरला होतास आणि हळू म्हटलंस:

गेली सवत, घर झाडलं, धनी बसला मुका;
गानं त्याचं घेऊन गेली, मले ठेवला सुका.

माझं भाषण ठरलेलं असायचं. शेवटी मी हात वर करून म्हणायचे, 'बाटली गेली की घर हसतं!' तुझ्या घरी बाटली गेली होती आणि घर हसत नव्हतं. ती ओळ सभेत गेली तर पारावरचे बाप्ये म्हणणार, बघा, हिचंच ऐका. म्हणून मी डबी मिटली. इतकी वर्षं मी स्वतःला हेच कारण सांगत आले. चळवळीसाठी.

दुसरं कारण आज पहिल्यांदा लिहिते आहे. फाट्यावर एक फुटाणेवाली होती, आठवते? एका गिऱ्हाइकाला ती फुटाणे मोजून देत होती. तू त्या दोन ओळी म्हटल्यास आणि तिचा तराजू हवेतच राहिला. गिऱ्हाईकही हात पुढे करून तसंच उभं. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी वाहवा केली नाही. माझ्या पाऊण तासाच्या भाषणाला टाळ्या पडायच्या, देवका. माझ्यासाठी तराजू कधी थांबला नाही. मला कळलं की या दोन ओळींनंतर मी उभी राहिले तर पंगत उठल्यावर ताट वाढल्यासारखं होईल. तुझ्या गळ्याचा मला हेवा वाटला. मग मी त्या गळ्याला झाकण बसवलं आणि बावीस वर्षं लोकांना सांगत फिरले की देवका माझ्याआधी गाते.

त्या फोनमधलीवर मी जळते आहे, असं तुला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण ती फार नंतर आली, माझं जळणं त्याआधीचं.

आणि तुझे यजमान, लक्ष्मणराव. त्यांना भर सभेत व्यासपीठावर बोलावून शपथ घ्यायला लावणारी मीच. त्यांनी ती पाळली, मरेपर्यंत अकरा वर्षं. त्याआधी ते दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, गायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तुझ्या गाण्याची चाल त्यांचीच ना? मी कधी विचारलं नाही. मी तुझ्याकडे आले की ते ओसरीवरून उठून आत जायचे. मी त्याला आदर समजत होते.

दारू सुटायलाच हवी होती. हे मी आजही कुठल्याही चौकात उभी राहून म्हणेन, आणि तूही मला अडवणार नाहीस. पण शपथ घेऊन झाल्यावर आपलं काम संपलं असं समजून मी पुढच्या गावाला निघून गेले. परत येऊन त्यांच्यासमोर बसून 'लक्ष्मणराव, आता एक गाणं म्हणा' एवढं म्हणायला मला काय झालं होतं?

तुझ्या त्या यंत्रबाईबद्दल माझं मत बदललेलं नाही. तिचं तुझ्यावर प्रेम नाही. उद्या तू गेलीस तर तिला तुझी आठवण येणार नाही, मला येईल. हे मी भांडून सांगेन. पण तिच्याकडे डबी नाही. तेवढ्यावरच तिने मला हरवलं.

परवा मी रीनाच्या गावी जाऊन आले. धुरपताबाई उन्हात बसून तूर पाखडत होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, तुझ्या नातीला मी खोटं सांगितलं, तिसरं कडवं आहे. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मंग म्हना नं." मी म्हटलं, ते माझं नाही, देवकाचं आहे. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आत्तापोतर तं तुमीच ठरवत होत्या थ्या बाईनं कवा थांबाचं," म्हणाली. मग सूप उचलून, "आनजा तिले. मी येतो पुलगावले."

तिलाही टक् ऐकू येत होतं, देवका. सगळ्यांना ऐकू येत होतं.

या पत्राबरोबर ती डबी पाठवते आहे. घाबरू नकोस, रिकामी आहे. चष्मा मी रुमालात गुंडाळून फिरते, एका काचेवर चरा पडला आहे, चालेल. ४ जानेवारीला आपण उलटं करू. आधी मी बोलेन, नंतर तू गाशील. डबी घेऊन तू पहिल्या रांगेत बस. माझं बोलणं पुरे झालं असं तुला वाटेल, भले मी पहिल्याच वाक्यात असेन, त्या क्षणी ती मीट. वाक्य अर्धं टाकून मी सतरंजीवर येऊन बसेन, धुरपताबाईच्या शेजारी. मग तिन्ही कडवी. दम लागला तर थांब. आम्ही 'पुढे म्हण' असं म्हणणार नाही, घाईही करणार नाही. बसून राहू.

तू आली नाहीस तरी मला कारण विचारायचा हक्क नाही. पण मी आदल्या दिवशी, तीन तारखेला, हिंगणघाटच्या फलाटावर असेन. गुडघ्यांसाठी हातात काठी घेऊन येते, ती तुझी.

येजो.

प्रमिला
(बाई म्हणायचं आता पुरे कर.)