आईची दुसरी सही

३ जुलै, बारामती
गोव्याच्या एजंटचा फोन. आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, जन्मदाखला सापडला! पेडण्याचा, पोर्तुगीज अमलातला. माहेरचं नाव शेवंती. इंदापूरकडं लग्न होऊन आली तेव्हा पार्वती केलं, म्हणून दोन्ही बाया एकच असं प्रतिज्ञापत्र वेगळं. आधी आईला पोर्तुगालचं नागरिकत्व, मग तिच्यावरून मला. तिकडचं घेतलं की इकडचं सुटतं म्हणाला. आई वरकुट्याची सरपंच आहे, हे त्याला सांगितलं नाही.

१३ जुलै, रवि., वरकुटे
आई डेअरीला दूध घालून आली. अर्ज पुढं केला.
"कसला गं?"
"आजीच्या वारसाचा. गोव्यातला."
इतकं सहज खोटं! "तू आणलंय म्हंजी बरोबरच आसंल," म्हणाली. आत जाऊन सही करून पाकीट स्वतःच चिकटवून आणून दिलं. वर तुपाचा डबा. तोही घेतला. निर्लज्जपणाची कमाल.

२८ जुलै, बारामती
एजंट चिडलाय. अर्ज बाद. सहीशेजारी गोल शिक्का: सरपंच, ग्रा.पं. वरकुटे.
आईला फोन केला तर म्हणते, "आगं, शिक्क्याबिगर कुनी कागद घेतंय का? तुझं काम अडू नये म्हनून मारला."
आधी हसले, मग लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. ज्या कागदानं पद जाणार त्यावर पदाचाच शिक्का, आणि तोही माझ्यासाठी. आता नवा अर्ज. पुन्हा सही. पुन्हा तेच खोटं बोलू?

७ ऑगस्ट
रजा टाकून निघाले. इंदापूर स्टँडवर उतरले, रसवंतीत बसले, परत आले. अर्ज पर्समध्येच.
आठ वर्षं त्याच लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतेय. जायचंय मला. आईला फसवून का होईना, जायचंय. याचीच लाज वाटते.

१५ ऑगस्ट, वरकुटे
सकाळी सांगून टाकलं. आई साडीला पिना लावत होती. वारसाचं खोटं, पद जाणार, मतसुद्धा जाणार, सगळं. ओरडेल वाटलं होतं.
"म्हंजी मी हितली ऱ्हानार न्हाय?"
"हितंच ऱ्हाशील. कागदावर न्हाय."
"आन सही न्हाय केली तर?"
"तर माझं व्हत न्हाय."
चष्मा लावला. अर्ज उलटसुलट बघितला. "कुठं करायची, हितं का?" बोट बरोबर जागेवर. नको आई, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही मी.
बाहेरून शिपाई ओरडला, "सरपंच, पोरं उन्हात उभी हायती!"
"झेंडावंदन उरकू दे, मग बघू." अर्जाची घडी करून स्वतःच्या पर्समध्ये घातली आणि गेली.
मी घरातच. शाळेचा लाऊडस्पीकर सुरू झालाय. तिच्या मागं जायचं तोंड नाही मला.