मास्तरचे गुरुवार

रविवार, ३ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही ठीक आहोत, असं लिहून पत्र संपवता आलं असतं तर बरं झालं असतं. फोनवर मी दोन वाक्यांत चिडतो आणि तू दोन वाक्यांत रडतेस, त्यापेक्षा कागद बरा. तो मध्येच बोलत नाही.

आधी कामाचं सांगतो. लॅबमध्ये नवीन यंत्र आलंय. दवाखान्यातून आता प्लास्टरची मापं येत नाहीत, कॉम्प्युटरवर तोंडाचं चित्र येतं आणि यंत्र खरखर करत दात कोरून बाहेर टाकतं. मालकांची भाची ते चालवते. पोरगी हुशार आहे, पण परवा मी मेणात दात बसवत असताना ती मोबाइलवर माझ्या हातांचा व्हिडिओ काढत होती. "कशाला?" म्हणून विचारलं तर म्हणते, "काका, सहज." सहज कोण कुणाच्या हातांचा व्हिडिओ काढतं? मालकांनी सांगितलंय, वर्षअखेरपर्यंत ठरवा: स्क्रीनसमोर बसणार की नाही. नाही म्हटलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चोवीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या केल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माउस धरायला शिकू?

एक गोष्ट मात्र चांगली झाली. जूनमध्ये एका डॉक्टरांकडून मात्र प्लास्टरचंच माप आलं, सोबतच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं, नुसता नंबर आणि खाली लिहिलेलं: 'हाताने करावी. यंत्र नको.' ताई, मी महिनाभर छाती काढून फिरलो. जीव ओतून केली ती कवळी. वरचा डावा, सुळ्याशेजारचा दात मी नेहमी किंचित वळवून बसवतो. सगळे दात रांगेत उभे राहिले की तोंड खोटं दिसतं. ती माझी सहीच समज.

आता मुद्द्यावर येतो. मास्तर माझ्यापासून काहीतरी लपवतोय.

गुरुवारी त्याची शाळा अर्धा दिवस असते. अकरा वर्षं एका घरात राहून मी बघतोय, दोनला घरी येतो, जेवतो, भूगोलाचं पुस्तक छातीवर ठेवून घोरतो. मार्चपासून साडेपाचला येतो. म्हणतो, "पेपर तपासत बसलो होतो." पिशवीत एक पेपर नसतो. अंगाला कसल्यातरी मलमाचा वास येतो. मे महिन्यात त्याच्या पिशवीत पुरुषाच्या नवीन चपला होत्या, आठ नंबरच्या. मास्तरचा पाय दहा नंबरचा. आणि हसू नकोस, पण आमचं नेलकटर गुरुवारी सकाळी घरातून जातं आणि गुरुवारीच संध्याकाळी परत येतं. कोण असेल तो, ज्याची नखंसुद्धा हा कापतो?

मी काहीच बोललेलो नाही. बोललो तर तो खरं सांगेल, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते. मी असा सुटलेल्या पोटाचा, वाळलेल्या मेणाच्या बोटांचा माणूस. त्याला अजून वर्गातली पोरं कविता म्हटल्यासारखी प्रेमाने हाक मारतात.

तुला सरळ विचारतो. मास्तरचा तुला फोन येतो का?

अप्पांबद्दल तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. त्यावर मला काही लिहायचं नाही. बारा वर्षांत त्यांनी माझी एकदाही चौकशी केली नाही, मग मी का करावी?

तुझा,
धाकटा


रविवार, २४ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. त्यात गुडघे आहेत, भाऊजी आहेत, शेजारणीचं कुत्रंसुद्धा आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तूही त्यात आहेस.

परवाच्या गुरुवारी मी पोट बिघडल्याचं सांगून लॅबमधून निघालो आणि शाळेच्या समोरच्या औषधांच्या दुकानात उभा राहिलो. दुकानदाराने तीनदा विचारलं, "काय देऊ?" शेवटी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. दीडला मास्तर बाहेर आला. घराच्या उलट्या दिशेला वळला. मी मागे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, भिंतीच्या आडून, शिंप्याच्या पाटीमागून, स्वतःच्या माणसाचा पाठलाग. मला माझीच लाज वाटत होती, पण पाय थांबत नव्हते.

दोन वळणांनंतर रस्ता ओळखीचा वाटायला लागला. तिसऱ्या वळणावर मला कळलं. ताई, तो आपल्या लहानपणच्या घराचा रस्ता होता.

मी कोपऱ्यावरच्या मोटारीमागे उभा राहिलो. दहा मिनिटांनी दार उघडलं. मास्तर एका म्हाताऱ्याला दंडाला धरून पायऱ्या उतरवत होता. म्हातारा वाळून गेलेला, मान पुढे आलेली, पायात नवीन चपला. ते अप्पा आहेत हे मला चालण्यावरून कळलं नाही, चेहऱ्यावरूनही नाही. चिडून मास्तरचा हात झटकला, त्यावरून कळलं. मग मास्तर काहीतरी बोलला आणि अप्पा तोंड उघडून हसले.

ते माझे दात होते.

वीस पावलांवरून ओळखले मी. सुळ्याशेजारचा तो किंचित वळलेला दात. जूनमध्ये आठ दिवस मी ज्या जबड्याचा साचा तळहातावर फिरवत होतो, तो आपल्या बापाचा होता, आणि मला कळलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचीही हिरडी मी ओळखतो, म्हणून बढाया मारतो.

संध्याकाळी मास्तर घरी आला. मी म्हटलं, "पेपर तपासून झाले?"

त्याने चपला काढल्या. मग म्हणाला, "तू मागे आलास."

"विषय बदलू नकोस."

"विषय तोच आहे." त्याने शांतपणे पिशवी ठेवली. "फेब्रुवारीत ताईंचा फोन आला होता. अप्पा पडले होते, जेवत नव्हते. तुला सांगायला गेल्या तर तू फोन ठेवलास. मग त्यांनी मला विचारलं."

मी खूप बोललो, ताई. सगळं इथे लिहीत नाही. म्हणालो, तुम्ही दोघांनी मिळून मला खेळवलंत. ती 'हाताने करावी' चिठ्ठी कुणाची? तुझीच ना? म्हाताऱ्या कारागिराला खूश करायला एक खेळणं पाठवलंस? आणि अप्पांना काय सांगितलंस? समाजसेवक म्हणून जातोस?

"पहिल्या दिवशीच त्यांनी विचारलं, 'तो तूच ना?' मी हो म्हणालो. मग म्हणाले, 'चहा करता येतो?'"

मी हसलो नाही. म्हटलं, "ज्या माणसाने मला घराबाहेर काढलं, त्याची नखं कापतोस?"

तेव्हा मास्तर खुर्चीवर बसला आणि अगदी हळू म्हणाला, "त्यांनी मला बेलबद्दल सांगितलं."

आता हे तुलाही सांगायला हवं. त्याने सांगण्याआधी मी सांगतो, हा निदान माझा हक्क आहे.

अप्पांनी मला घराबाहेर काढलं नव्हतं. मला पुरुषच आवडतात हे मी सांगितलं त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "माझ्या डोळ्यांसमोरून जा जरा." 'जरा' हा शब्द मी बारा वर्षं गाळला. बॅग मीच भरली. आणि आई गेल्यानंतर पाच महिन्यांनी, एका दुपारी, ते आमच्या दारात आले होते. मास्तर शाळेत होता. बेल वाजली, मी दाराच्या भोकातून पाहिलं. टोपी हातात धरून उभे होते. पुन्हा एकदा बेल वाजवली. मी श्वास धरून दाराच्या आत उभा. वाटलं, भांडायला आलेत. वाटलं, शेजाऱ्यांसमोर तमाशा करतील. त्यांना माझी सावली दाराखालून दिसत असणार. चार-पाच मिनिटं थांबले आणि जिना उतरून गेले. एकेका पायरीवर थांबत.

त्यानंतर मी तुला, मास्तरला, सगळ्यांना सांगत आलो की त्यांनी एकदाही चौकशी केली नाही.

मास्तर म्हणाला, "अकरा वर्षं मी त्या माणसाला राक्षस समजत होतो. तू दाखवलेला." मग म्हणाला, "मी लपवलं, ती माझी चूक. पण तिथे माझा दुसरा कोणी निघाला असता, तर तुला सोपं गेलं असतं. हो ना?"

 त्याने उत्तराची वाट बघितली, मग चार कपडे भरले आणि त्याच्या बहिणीकडे गेला. म्हणाला, थोडे दिवस. किती, ते बोलला नाही.

तुझ्यावर मी रागावलो आहे. तरी लगेच लिही.

धाकटा


रविवार, ८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. 'खालची कवळी डावीकडे टोचते. ज्याने केली त्यालाच पाठव.' मी तो दहा वेळा वाचला. हे अप्पा बोलले की तू त्यांच्या तोंडी घातलंस? तुमच्या दोघांवर, तिघांवर म्हणायला हवं, माझा आता विश्वास राहिलेला नाही. पण कवळी टोचत असेल तर टोचणारच, त्यात कुणाचं कारस्थान नसतं.

मास्तरला फोन केला. म्हटलं, "गुरुवारी मी अप्पांकडे येतोय. तू असशील?"

"फाटकापर्यंत," तो म्हणाला. "आत तुझा तू जा."

मी घासायची छोटी मशीन, निळा कागद आणि आरसा घेऊन गेलो. ताई, दार उघडंच होतं. अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मी काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत आलो होतो. ते म्हणाले, "हात धुतलेस का?"

मी हात धुतले.

मग त्यांनी तोंड उघडलं. मी आयुष्यभर साचे हाताळले, जिवंत तोंडात बोट घालायचा प्रसंग मला क्वचितच येतो. डावीकडे, मागच्या बाजूला, हिरडीवर डाळीएवढी जखम झालेली. मी बोट लावलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले, पण मान मागे घेतली नाही. निळा कागद ठेवून दात दाबायला लावले, खूण आली तिथे थोडं घासलं. पुन्हा बसवली, पुन्हा काढली. चार वेळा. काम करताना माझे हात नेहमीसारखे चालत होते.

"यंत्राने केली असती तर टोचली नसती," मी म्हणालो.

"यंत्र नको असं मीच लिहायला लावलं होतं."

मी थांबलो. "तुम्हाला माहीत होतं ती माझ्याकडे येणार?"

"तुझ्या मास्तरने डॉक्टर शोधला, तेव्हाच मी विचारलं, याची कामं कोण करतं." मग कवळी तोंडात सरकवत म्हणाले, "छापखान्यात खिळे जुळवायचं माझं काम गेलं तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. त्यांनी मला स्क्रीनसमोर बसवलं. मी दोन दिवसांत उठून आलो. रागाने. अजून वाटतं, महिनाभर बसून बघायला हवं होतं."

हा सल्ला होता की टोमणा, मला कळलं नाही. त्यांच्या बाबतीत ते कधीच कळलं नाही.

निघताना मी विचारलंच. पाठ फिरवून विचारलं, सामान भरत. "त्या दिवशी बेल वाजवलीत... का आला होतात?"

त्यांनी जिभेने कवळी चाचपली.

"दात दुखत होता," म्हणाले. "तू त्यातलाच आहेस, तुला दाखवावा म्हटलं."

ताई, मला सांग, हे खरं असेल? की मला सोपं जावं म्हणून म्हणाले? रस्त्यात मी हेच घोकत होतो. खरं असेल तर एका दातासाठी ते चार मजले चढून आले आणि मी आतून बघत राहिलो. त्यानंतर एकेक करत सगळेच गेले. खोटं असेल तर आपला बाप आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी तरी गोड खोटं बोलला. दोन्हींपैकी कुठलं जास्त टोचतं ते मला ठरवता येत नाही.

फाटकाशी मास्तर उभा होता. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागला, आमच्या घराच्या दिशेने.

शुक्रवारी मी मालकांना सांगितलं की स्क्रीनसमोर बसतो, पण आठवड्यातून एक दिवस मला बाहेर हवा. ज्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात येता येत नाही, त्यांच्या कवळ्या घरी जाऊन बसवीन. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसरी लॅब काढणार आहे. संशय काय असतो हे मला माहीत आहे, म्हणून रागावलो नाही. भाचीला विचारलं, माझ्या हातांचा व्हिडिओ कशाला काढलास? तर म्हणाली, "तुम्ही गेलात तर शिकायचं कुणाकडून?" पोरीने मला आधीच पोहोचवलं होतं.

मास्तर घरी आहे. पण त्याची बॅग अजून बाहेरच्या खोलीत आहे, न उघडलेली. तीन दिवस झाले. रोज सकाळी मी आधी ती बॅग जागेवर आहे का बघतो. त्याने ती का उघडली नाही, हे विचारायचं माझ्या जिभेवर येतं आणि मी गिळतो. काल त्याला म्हणालो, "मी तुझ्या मागे आलो, ते चुकलं." तो म्हणाला, "हो." पुढे काही नाही. जेवताना माझ्या ताटात भाजी मात्र वाढली.

हे पत्र मी पाकिटात घालत नाही. टेबलावर उघडं ठेवून बाहेर जातोय, चांगला तासभर. त्यात त्याच्याबद्दल जे जे लिहिलंय ते त्याने वाचावं. वाचलं की नाही, हे मी परत आल्यावर विचारणार नाही. पाकीट त्यालाच चिकटवायला सांगितलंय, आणि खाली त्याच्यासाठी दोन ओळींची जागा सोडली आहे. ती रिकामी आली तर तूही मला विचारू नकोस.

तुझा धाकटा,
आणि