माझी लहान सही

प्रचार कार्यालय,
मंगळवार, दुपार

ती. ताईस साष्टांग नमस्कार,

गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना, की बाटली कपाटात शोभेला ठेवलीस? मी बरा आहे. भाषणं करून घसा पार बसलाय. तीस वर्षं वित्त विभागात लोकांना ‘नाही’ म्हणण्यात गेली, आता मतांसाठी दारोदार हात जोडत फिरतोय. तू पाहिलं असतंस तर पोट धरून हसली असतीस.

परवाच्या सभेत माझ्याबद्दल बोलायचं तू कबूल केलंस म्हणे. प्रचारप्रमुख हवेतच आहे. “साहेब, शाळेच्या जिन्याखाली नवरा गमावलेली बाई म्हणणार, माझा भाऊ स्वच्छ आहे! समोरच्यांची बोलतीच बंद.” मी मान डोलावली आणि बाहेर जाऊन पाणी प्यायलो.

ताई, तू येऊ नकोस. गुडघ्याचं कारण सांग.

नाही, एवढंच लिहिलं तर तू काठी टेकत का होईना, येशीलच.

भावजी गेल्यावर तू जिन्याच्या दुरुस्तीच्या फाइलची प्रत मिळवून माझ्याकडे आणलीस. शेवटच्या पानावरची सही कुणाची, असं विचारलंस. मी चष्मा लावून नीट पाहिल्यासारखं केलं. म्हणालो, “असेल कुणा कारकुनाची. माझ्यापर्यंत आलीच नव्हती.”

आली होती. आर्थिक वर्षाचा शेवटचा आठवडा होता. त्या आठवड्यात फाइल नाकारावी लागत नाही. एखादी त्रुटी काढून परत पाठवली की पुरे. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत वर्ष संपतं आणि निधी बुडतो. मी नकाशाची दुसरी प्रत मागितली. पहिली माझ्यासमोरच होती.

त्याच दिवशी चार शाळांच्या फाइली मी सोडल्या. ही एकच अडवली, कारण अर्जावर मुख्याध्यापक म्हणून भावजींचं अक्षर होतं. मेहुण्याचं काम केलं असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं. अडीच महिन्यांनी जिना कोसळला.

ज्या स्वच्छपणाबद्दल तू परवा बोलणार आहेस, तो हाच.

रविवारी मतदान आहे. हे पत्र कुणाला दाखवायचं ते तू ठरव, मी अडवणार नाही. हरण्याची भीती वाटतेच, खोटं कशाला बोलू? पण तू माझ्याशी बोलणं टाकशील, याची जास्त वाटते.

एरवी इथे ‘तुझा बाळू’ लिहितो. आज ऑफिसात करायचो ती नुसत्या आद्याक्षरांची लहान सही खाली केली आहे. ती प्रत काढ आणि शेजारी ठेवून बघ.

(सही)