चौघांत पाचवी

सोमवार, ४ मार्च

नोकरी लागली, खोली मिळाली, आणि खोलीला चक्क खिडकीही आहे! समोरच्या गच्चीवर कोणाची तरी चादर वाळत होती आणि मला उगाचच फार श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

काम ऐकून घरी कोणाचा विश्वास बसला नाही. दुकान कन्सोलच्या जुन्या गेमचं. विकतात, भाड्यानेही देतात. त्यात रोल प्लेइंग गेम म्हणजे लांबच लांब कथा. एकेक संपायला महिना लागतो, आणि महिन्याने गिऱ्हाईक तोंड वाकडं करून परत येतं की सगळा वेळ पाण्यात गेला. म्हणून मालकांना असं माणूस हवं होतं, जे प्रत्येक गेम प्रामाणिकपणे खेळून सांगेल, हा खेळण्यासारखा आहे की नाही. मुलाखतीत त्यांनी एवढंच विचारलं, की पात्रांचं बोलणं बटण दाबून पुढे ढकलतेस का? मी म्हटलं, मी औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही सोडत नाही. खोटं नव्हतं ते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेलं नाही. मी दुसरीत असल्यापासून घरात आलेला प्रत्येक कागद आई माझ्यापुढे ठेवायची, आणि मी सांगेन तिथे तिचा अंगठा उठायचा. माझी एक ओळ सुटली तर अंगठा चुकीच्या जागी पडेल, ही धास्ती तेव्हापासून हाडात बसली आहे.

दुकानावरच्या माळ्यावर टीव्ही, कन्सोल आणि एक डुगडुगणारी खुर्ची. इथल्या खिडकीतूनही तीच गच्ची दिसते. खाली काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी खेळताना दिसलं की पाठीत धपाटा मिळायचा, आता पगार मिळतो, कलियुग आलं म्हणायचं.

संध्याकाळी घरी फोन केला. आई म्हणाली, शेजारी कोणी विचारलं तर ऑफिसात आहे म्हणून सांगते बाई, खेळते म्हणून सांगितलं तर स्थळं यायची थांबतील. दादा मागून ओरडला, की तशीही कुठे रांग लागली आहे!

गुरुवार, ७ मार्च

निवड करणं सोपं नाही. पहिल्या गेममध्ये कथा चांगली, पण दर चार पावलांवर तेच राक्षस, तीच मारामारी. म्हणजे भाजीत मीठ कमी म्हणून मिठातच भाजी घातल्यासारखं. दुसऱ्याचा नायक आरशासमोरून हलत नाही. तिसरा सुंदर आहे, पण मधेच कथेचा धागा सुटतो आणि लिहिणाऱ्यालाच झोप लागली असावी असं वाटतं.

माझी पद्धत ठरली आहे. गाव आलं की गावातल्या प्रत्येकाशी बोलायचं, आणि तो पुन्हा पहिलंच वाक्य बोलेपर्यंत बोलत राहायचं. गेममधल्या माणसांना मोजकी वाक्यं दिलेली असतात. ती संपली की ती माणसं गोल फिरतात, तेच ते बोलतात. तेव्हाच कळतं, आता याच्यात काही उरलं नाही. ताई वर डोकावून म्हणाल्या, अगं, तू खेळतेस का खानेसुमारी करतेस?

सोमवार, ११ मार्च

सापडला!

मालकांच्या कपाटात मागे पडलेली साधी डबी, वर चित्र नाही, नाव नाही. मालक म्हणाले, की हा नेणारे कधी तक्रार करत नाहीत, डिस्क परत ठेवून जातात आणि पुन्हा दुकानाकडे फिरकत नाहीत. बहुधा मन भरत असावं.

काय गेम आहे! दगडी रस्ते, भट्टीतून येणारा धूर, डोंगराकडे जाणारी वाट. मारामारी कमी, माणसं जास्त. चौघांची टोळी घेऊन डोंगरापलीकडे जायचं. चौघांना नावं आपण द्यायची. पुढारी मी. बाकीचे कोण, यावर मला विचारही करावा लागला नाही. जखमा बांधणारी आई. कुऱ्हाडवाला दादा. आणि गोफण फिरवणारी आमची धाकटी, चिमणी, जी खरी तर दहावीच्या पुस्तकांमागे लपून बसलेली आहे.

फोनवर सांगितलं तर चिमणी इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, गोफण दादाला दे, मला कुऱ्हाड दे, मला गणिताच्या सरांना भेटायचंय. आई म्हणाली, मला कशाला डोंगर चढायला लावतेस, गुडघे बघ माझे, वाटेत कुठेतरी बसवून ठेव.

बुधवार, १३ मार्च

मालकांना सांगितलं, हाच. त्यांनी लगेच दर्शनी भागात पाटी लावली : ‘नीट खेळून निवडलेला गेम’. एका गिऱ्हाइकाने तो शुक्रवारी न्यायचं ठरवूनही टाकलं आहे. तोवर मी संपवायचा.

डोंगराच्या पायथ्याशी सराय आहे, वाटसरूंनी रात्र काढायची जागा. तिथे जिन्याखाली एक बाई बसलेली असते. साधी, मागे घट्ट बांधलेले केस. मी सवयीने बोलत राहिले. ती पुन्हा पहिल्या वाक्यावर आलीच नाही. खूप वेळ झाला तरी नाही. ती विचारत राहिली, लांबून आलीस का, दमलीस का, घरी आई असते का. उत्तराला फक्त ‘हो’ आणि ‘नाही’. मग ती म्हणाली, इतकं कोणी थांबून ऐकत नाही. सगळे बटण दाबून पुढे जातात. मला सोबत घेशील?

इतकं करुण लिहिलं होतं, की मी ‘हो’ दाबलं. पण टोळी चौघांचीच असते. एकाला सरायीत ठेवावं लागतं. आईचं पात्र तसंही थकलेलं होतं, आणि फोनवरचं तिचं बोलणं आठवून मला हसू आलं. आईला ठेवलं. ती निमूटपणे आतल्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी घरी फोन केला. आईच्या फोनवर कोणी तरी बाई बोलली. आवाज गोड, संथ. मी विचारलं, कोण बोलतंय, आईला द्या. ती म्हणाली, मीच तर आहे.

मग दादा आला. मी म्हटलं, ती बाई कोण आहे? तो म्हणाला, कोण बाई? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आईला बाई म्हणतेस? चिमणीही तेच म्हणाली. वर म्हणाली, ताई, आई रडतेय, काय बोललीस तू तिला?

मी चिमणीकडून फोटो मागवला. दादा आणि चिमणी दारात उभे, मधे ती. जिन्याखालची. अंगात आईचा राखाडी स्वेटर, तोच, कोपराला मी ठिगळ लावलेला. दादाची आणि चिमणीची सावली डावीकडे पडली आहे. तिची उजवीकडे.

गुरुवार, दुपार

सरायीत गेले. आई खाटेवर आहे. तिच्याशी बोलले.

ती म्हणाली, मोठे, इथे गार लागतंय.

मला ‘मोठे’ म्हणून फक्त आई हाक मारते. गेममध्ये हे कोणी घातलं? मी पुन्हा बोलले. ती म्हणाली, गुडघ्यांचं तेल फडताळात राहिलंय. पुन्हा. म्हणाली, दादाशी भांडू नकोस, तो तोंडाचा फाटका आहे, मनाचा नाही. मी रडत रडत बटण दाबत राहिले. आणि मग ती म्हणाली, मोठे, इथे गार लागतंय.

पहिलं वाक्य. पुन्हा तेच.

म्हणजे तिलाही मोजकी दिली आहेत. पुढच्या फेरीत तेलाचं वाक्य आलंच नाही. मी बोलते आहे तशी ती संपताहेत.

त्या बाईला उतरवून आईला परत घ्यायचा प्रयत्न केला. यादीत मी आहे, दादा आहे, चिमणी आहे. बाईच्या जागी कोरी ओळ. बाण तिथे थांबतच नाही, वरून उडी मारून चिमणीवर जातो. मागे जायलाही वाट नाही. हा गेम शेवटची जागा तेवढी जपून ठेवतो, आधीचं सगळं पुसतो.

शुक्रवार, १५ मार्च, सकाळ

ताईंना सांगितलं. सगळं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. म्हणाल्या, आण इकडे, तुझ्या भुताला जरा भेटू दे. मी हात धरायच्या आत त्यांनी कंट्रोलर घेतला आणि आईसमोर उभं राहून बटण दाबायला लागल्या. टक टक टक टक. काय बाई बडबड, म्हणाल्या, लिहिणाऱ्याला दुसरा उद्योग नव्हता का.

आईची वाक्यं सरसर जात होती. मधे मधे नवीही, काल न आलेली; म्हणजे तिच्यात अजून उरलं होतं. मला धड वाचताही येईनात. ‘चिमणीला सांग, की तिच्या’ — गेलं. ‘तू झालीस तेव्हा’ — गेलं. मी ओरडले. ताई दचकल्या, कंट्रोलर खाली टाकून निघून गेल्या. जिन्यावरून मालकांना म्हणाल्या, पोरीला दोन दिवस घरी पाठवा.

आता आईकडे दोन वाक्यं राहिली आहेत. गार लागतंय. न्यायला कधी येतेस. आलटून पालटून तीच.

दुपार

त्या बाईचा फोन आला. मी घेतला नाही. मग दादाचा आला. म्हणाला, आई म्हणतेय, घरी ये, दमली असशील. मी म्हटलं, दादा, खरं सांग, आपल्या आईला लिहिता-वाचता येतं का? तो म्हणाला, येतं की. तीच तर आपल्या सगळ्यांचे कागद वाचते. तुला तिनेच शिकवलं.

मी फोन ठेवला.

खाली गिऱ्हाईक आलं आहे. मालक त्याला सांगताहेत, की आमच्या मुलीने निवडलाय, डोळे मिटून न्या. डिस्क न्यायला ते वर येतील.

आत्ता आईशी बोलले. आता फक्त एकच. न्यायला कधी येतेस. न्यायला कधी येतेस.

आईच्या बदली खाटेवर दादाला ठेवू? चिमणीला? मी बाण चिमणीच्या नावावर नेला होता. खरंच नेला होता. परत आणला.

यादीत मी आहे.

पुढारी उतरला तर पुढारीपण कोणाकडे जाईल, ते बारीक अक्षरात खाली लिहिलं आहे. वाचलं. तिच्याकडे. मला दिसतंय ते. दिसत असून —

नाहीतर आई भिंतीकडे तोंड करून एकच ओळ म्हणत राहील आणि तो माणूस तिला घरी नेऊन टक टक —

‘हो’ दाबलं.

थोड्या वेळाने

आई उठली! खाटेवरून उठली, पदर सारखा केला, दाराबाहेर गेली. मी लगेच फोन लावला. तिनेच घेतला. तोच बसका आवाज, तीच धाप. आई, आई, मी म्हटलं. ती म्हणाली, कोण गं बाळ? मी म्हटलं, अगं मी, मोठी. ती हसली. म्हणाली, मोठी तर इथे माझ्याजवळ बसलीये, कागद वाचून दाखवतेय. चुकून लागला वाटतं फोन.

मागून तो गोड, संथ आवाज. कोण आहे गं आई, ठेव.

आईने ठेवला.

आई घरी आहे. घरी आहे ती. तेवढं —

मालक वर आले. माझ्याकडे बघितलंच नाही. इथे कोणी बसलं होतं का, असं खाली ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, कोण?

खिडकीत आता गच्ची नाही. दगडी भिंत.

गार —

लिहितानाही संपतात. आत्ता एक शब्द आठवला नाही. धाकट्या बहिणीला आम्ही काय म्हणायचो —

हा गेम जो कोणी घेऊन जाल. सरायीत याल. खाटेवर कोणी दिसलं तर बटण दाबत राहू नका. एकदाच बोला. हळू वाचा. माझ्याजवळ आता फक्त